घरात कोणाला मानसिक आजार असेल तर: खान्देशातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्यामुळे सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत इतकी वर्षं चकरा झाल्यात की आता नवीन आलेल्यांना केसपेपर कुठे काढायचा, गोळ्या कोणत्या खिडकीवर मिळतात हे मीच सांगत बसतो, आणि मग बाकावर बसल्या बसल्या लोक जे विचारतात ते हे प्रश्न, मग ते चाळीसगावचे असोत नाहीतर शिरपूर-शहाद्याचे. गोळ्यांचा डोस मला विचारू नका, बाकी जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

टेन्शन तर सगळ्यांनाच असतं, मग आजार कधी म्हणायचा?

जूनच्या वादळात काढणीला आलेली केळी आडवी झाली तर रावेर-यावलकडच्या कोणत्या शेतकऱ्याला झोप लागेल सांगा, ते दुःख आहे, त्याला गोळी लागत नाही, आजूबाजूला चार माणसं लागतात. पण दोन आठवडे उलटले तरी कशातच मन नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप नाही, जेवण जात नाही, आंघोळ नको, शेतात जाणं नको आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं बोलणं सुरू झालं, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि दाखवून घ्यायचं.

बाकी प्रकार बरेच आहेत. कोणाला सतत धडधड आणि भीती, कोणी दिवसातून पन्नास वेळा हात धुतो, कोणी महिनाभर जेमतेम झोपेवर फिरतो, लाखांचे व्यवहार ठरवून येतो आणि नंतर अंथरुणाला खिळतो, कोणाला नसलेले आवाज ऐकू येतात आणि शेजारी आपल्यावर नजर ठेवून आहेत असं पक्कं वाटतं. सगळ्यांना एकच "डोकं फिरलंय" हे लेबल लावतात लोक, पण प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

आमच्या आईचं तर अंग दुखतं, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं. मनाच्या डॉक्टरकडे कशाला न्यायचं?

कारण ईसीजी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं करून झालं, सगळं नॉर्मल आलं, तरी दुखणं आहेच, बरोबर ना? बायकांच्या बाबतीत हे फार बघितलंय. "मला वाईट वाटतं" असं सासरी सांगायची सोय नसते, पाठ दुखते असं सांगता येतं. आणि दुखणं खोटं नसतं बरं का, खरंच दुखतं. थायरॉईड आणि बी-१२ मात्र आधी तपासून घ्या, ते कमी-जास्त असलं तरी असंच होतं.

हे असं किती लोकांना असतं? आमच्या गावात तर कोणालाच नाही.

तुमच्या गावात पण आहे, सांगत नाहीत एवढंच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्व्हे केला, त्यात १८ वर्षांवरच्या शंभरातल्या साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, त्यात व्यसनंही धरली आहेत. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, त्यामुळे आपला खान्देशाचा वेगळा आकडा त्यात नाही, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. त्याच सर्व्हेत आलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते.

एका माणसाला आजार असला तर बाकी घराला काय फरक पडतो?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक करून नवीन असतो, सहा महिन्यांनी तोच मला सांगायला लागतो.

एक काकू ओपीडीला येतात, पारोळ्याकडच्या. मुलगा पंचविशीतला. गावात सगळ्यांना सांगितलंय की पोरगा सुरतला कामाला आहे. पोरगा मागच्या खोलीत असतो. ओपीडीला यायचं तर पहाटे अंधारात निघायचं, शेजारीण उठायच्या आत, आणि परत येताना मुद्दाम रात्रीची गाडी धरायची, म्हणजे पंधरा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस, दोघांची तिकिटं, बाहेरचं खाणं आणि काकूंची कापूस वेचायची मजुरी बुडाली ती वेगळी. एखादी तारीख चुकते, गोळ्या संपतात, पोरगा परत भिंतीशी बोलायला लागतो. घरात पाहुणे आले की खोलीला बाहेरून कडी. बहिणीच्या लग्नाचं बघणं सुरू आहे म्हणून हा सगळा खटाटोप, आणि बहिणीने कॉलेज सोडलंय कारण आई बाहेर गेली की भावापाशी कोणीतरी लागतं.

आता बघा, यात आजाराचा खर्च किती आणि लपवण्याचा किती? निम्हान्सच्या सर्व्हेत घरटी महिन्याला हजार-दीड हजार रुपये उपचार आणि प्रवासावर जातात असं आलंय, २०१५-१६ चे रुपये. ते जड आहेतच. पण सरकारी ओपीडीत गोळ्या बहुतेक फुकट मिळतात, घराला खरं खातं ते कोणाला कळू नये म्हणून केलेलं सगळं. उशिरा आणलं म्हणून आजार मुरतो, आजार मुरला म्हणून काम सुटतं, काम सुटलं की जमीन गहाण. एका घरात तर पेशंट असलेल्या भावाची सही घेऊन त्याच्या वाट्याची दोन एकर बाकीच्यांनी नावावर करून घेतली, कारण तो कोणाला सांगणार आणि कोण ऐकणार.

अजून एक, ज्याच्याकडे कोणी बघत नाही: अशा पेशंटच्या शरीराकडे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात शुगर, हार्ट, टीबीसारख्या साध्या टाळता येणाऱ्या आजारांचा मोठा वाटा आहे. छातीत दुखतंय म्हणाला तरी "याचं नेहमीचंच" म्हणून सोडून देतात ना.

आणि समाजाचं काय नुकसान? ज्याचं त्याचं घर ना?

नैराश्य आणि चिंता या दोनच आजारांमुळे जगात वर्षाला १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात आणि १ लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे. हे आकडे एवढे मोठे आहेत की डोक्यात शिरत नाहीत, म्हणून आपल्याकडचं बघा. दाल मिलमध्ये महिन्यात आठ खाडे करणारा हमाल, वर्गात येऊन नुसता खुर्चीत बसणारा मास्तर, दारू पिऊन हायवेवर टँकर चालवणारा ड्रायव्हर, नातवंडांना सांभाळू न शकणारी आजी, कॉलेज सोडलेली ती वर लिहिलेली बहीण. यातलं कोणतंही नुकसान "मानसिक आजार" या नावाखाली कुठल्या वहीत लिहिलं जात नाही, आळस, व्यसन, नशीब, घरगुती भांडण असल्या नावांनी लिहिलं जातं. म्हणून तर त्यावर पैसा पण खर्च होत नाही.

शेतकरी आत्महत्या कर्जामुळे होतात की डिप्रेशनमुळे?

या वादात दोन्ही बाजू मला अर्धवट वाटतात. एक बाजू सगळं मनाच्या आजारावर ढकलते, म्हणजे कापसाचा भाव, सीएमव्ही या व्हायरसमुळे उपटून टाकावी लागलेली केळी, सावकार, यावर बोलायला नको. दुसरी बाजू म्हणते फक्त कर्ज. पण एकाच गावात सारखंच कर्ज असलेली शंभर घरं असतात. कर्ज, एकटेपण, दारू, न सांगितलेलं डिप्रेशन आणि त्या एका रात्री हाताशी असलेलं फवारणीचं औषध, हे सगळं एकत्र येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यात २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्यात शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत, पण पगारदार, विद्यार्थी, गृहिणी पण आहेत, त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही.

श्रीलंकेने जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. कर्ज काही तिथे संपलं नव्हतं. जीव द्यायचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळापुरता असतो, तेवढा वेळ निघून गेला की माणूस वाचतो. म्हणून एक काम आजच करा, औषधाचे डबे घरात ठेवू नका, मळ्यातल्या खोलीत कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

आणि कोणावर शंका असेल तर सरळ विचारा, "आप्पा, जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही, उलट मोकळा होतो माणूस. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, १४४१६ ला (टेली मानस, मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाईन) फोन लावा, आणि आत्ताच धोका असेल तर १०८ बोलवा नाहीतर सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात न्या.

जीव द्यायला गेलेला माणूस वाचला तर पोलीस केस होते का?

दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवून नोंद करतो, पोलीस जबाब घेतात, त्याने घाबरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा माणूस गंभीर तणावात होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून जो नवा भारतीय न्याय संहिता कायदा आला त्यात तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमच नाही. केसच्या भीतीने घरीच उलट्या काढत बसू नका, वेळ जातो.

घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, आधी भगताकडे नेऊ.

देवाला जा, मी पण जातो. सातपुड्यात बडव्याकडे (आदिवासींचा भगत), कोणी सैलानीच्या दर्ग्याला, कोणी आणखी कुठे, लोक जातातच आणि तिथे त्यांना कोणीतरी ऐकून घेतं, हे ओपीडीतल्या दोन मिनिटांत होत नाही, मान्य. माझं म्हणणं एवढंच की गोळ्या बंद करून जाऊ नका. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून "दवा आणि दुआ" म्हणून काम चालू झालं, मुजावर दुआ करतात आणि तिथेच बसलेल्या मानसोपचार डॉक्टरांकडे पण पाठवतात. कोणाचा धर्म बुडाला नाही.

पण मारहाण, धुरी, साखळदंड, उपाशी ठेवणं, हे नाही म्हणजे नाही. भूत उतरवतो म्हणून मारणं किंवा दोराने-साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ चा कायदा पण साखळीला बंदी घालतो. साखळीने काय होतं ते ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला दिसलं, आग लागली तेव्हा बांधलेले २८ पेशंट पळू शकले नाहीत.

आणि नंदुरबारच्या बाजूला अजून एक भयंकर प्रकार आहे, घरात कोणाचं डोकं बिघडलं की गावातली एखादी एकटी बाई डाकीण ठरवायची. मग एका आजाराचे दोन बळी. असं काही सुरू झालं तर लगेच ११२ ला फोन.

श्रावणात नवऱ्याने दारू सोडली, तिसऱ्या दिवशी काहीबाही दिसायला लागलं. देवीचा कोप असेल का?

ताई, हा प्रश्न दर वर्षी कानबाईच्या (श्रावणातला आपला देवीचा सण) सुमाराला येतोच. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही, झटका पण येऊ शकतो. देवीचा काही संबंध नाही, दारूला सरावलेला मेंदू एकदम बिथरतो. यात माणूस दगावतो, त्यामुळे कानबाईचे रोट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी ॲडमिट करा. सोडायची असेल तर श्रावण लागायच्या आधी डॉक्टरला भेटा, औषध देऊन आठ-दहा दिवसांत सुखरूप सुटते, आणि सोडायचं ठरवलं हे चांगलंच केलं त्यांनी.

लग्न लावून दिलं की सुधरेल असं मामा म्हणतात.

नाही सुधरत. लपवून लावलं तर त्या पोरीचं पण आयुष्य जातं, आणि हिंदू विवाह कायद्यात ठरावीक परिस्थितीत असं लग्न कोर्ट रद्द पण करू शकतं. आजार सांगून, गोळ्या चालू असताना, दोघांच्या मर्जीने झालेली लग्नं टिकलेली मी बघितलीत. मुलगी पेशंट असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हॅलप्रोएट नावाची गोळी चालू असेल तर लग्नाआधीच डॉक्टरला सांगा, पोटातल्या बाळाला ती चालत नाही. स्वतःहून बंद करू नका, ते बदलून देतात.

वहिनी माहेरी बाळंत झाल्या, आठव्या दिवसापासून झोपत नाहीत, बाळाबद्दल भलतंच बोलतात.

पहिल्या दोन आठवड्यांत थोडं रडू येणं, चिडचिड, हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं. पण अजिबात झोप नाही आणि भलतंच बोलणं हे वेगळं, हजारात एक-दोन बाळंतिणींना होतं आणि ती इमर्जन्सी आहे. सव्वा महिना व्हायची वाट बघू नका, आजच न्या, बाळाला त्यांच्याजवळ एकटं ठेवू नका. लवकर उपचार झाले की चांगल्या बऱ्या होतात.

पोरगा बारावीला आहे, दिवसभर मोबाईल, बोलत नाही. वयच तसं आहे ना?

असेलही. पण जवळपास अर्धे मानसिक आजार १८ वर्षांच्या आत सुरू होतात. मित्र सुटले, मार्क एकदम पडले, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर "वय" म्हणून सोडू नका.

दाखवायचं कुठे? ठाण्याला न्यावं लागेल का?

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, खान्देशात एकही नाही. पण बहुतेकांना तिथे जायची गरजच नसते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथून सुरुवात करा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तोच औषध देतो. समुपदेशक बोलून मदत करतो, गोळ्या देत नाही. बऱ्याच जणांना दोघांची गरज पडते.

जायची हिंमत होत नसेल तर टेली मानस, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालंय, अजून निम्म्या लोकांना माहीत नाही असं मला तरी बाकावर जाणवतं. आणि आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरून घेते ना, शुगर-बीपीचा, त्यात मनाबद्दल पण दोन प्रश्न असतात. "नाही, नाही" करून पुढे ढकलू नका, खरं सांगा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवून हे काम केलं तर दीड वर्षात उपचारापर्यंत पोचलेल्या डिप्रेशनच्या पेशंटचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे का होऊ नये?

गोळ्यांची सवय लागते म्हणतात.

डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी नशा लागत नाही, पण एकदम तोडायच्या पण नाहीत. फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, लोक आठव्या दिवशीच "काही उपयोग नाही" म्हणून फेकतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची मात्र लागते सवय, त्या मेडिकलवरून परस्पर घेणं बंद करा, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर तर नकोच.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

हो, आणि हे भुसावळ-जळगावच्या माणसाने पाठच करावं. लिथियम (मूड खाली-वर होणाऱ्या आजारावरची गोळी) चालू असेल आणि ४५ डिग्रीत घाम जाऊन, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तात लिथियम वाढतं, हात जोरात थरथरतात, तोल जातो, बोलणं जड होतं. लगेच दवाखाना. पाणी भरपूर प्या, मीठ एकदम बंद करू नका, रक्ताची लेव्हल वेळेवर तपासा, आणि सांधेदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

विमा मिळतो का? सर्टिफिकेट?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजाराला पण विमा द्यावा लागतो. मात्र बऱ्याच पॉलिसींत ॲडमिट झाल्यावरच पैसे मिळतात, ओपीडीचे नाही, ते आधी वाचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे, यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाईन अर्ज करून सिव्हिलला तपासणी होते, ४० टक्के किंवा वर आलं तर योजनांसाठी कामी येतं. लोक "शिक्का बसेल" म्हणून काढत नाहीत. मी भावाचं काढलंय.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातो, पाच महिने. गोळ्यांचं काय करायचं?

निघायच्या आधीच्या तारखेला डॉक्टरला स्पष्ट सांगा, जितक्या जास्त दिवसांच्या देता येतील तितक्या मागा. चिठ्ठीचा फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवा, एक तुमच्या आणि दुसरा भावाच्या किंवा बायकोच्या, मुकादमाच्या नको. राहायचं पाल (तंबू) भिजतं म्हणून गोळ्या प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात. संपत आल्या तर तिथल्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवा, १४४१६ तिथूनही लागतो, मराठीत बोलायचंय असं सांगा. आणि परत आल्यावर जुना केसपेपर सापडला नाही तर तसेच या, नवीन काढून देतात.